बाळासोची जोंगा आणि क्रांतीचं इंजिन

कसबा बावड्याच्या बाळासोनं नोकरीची सगळी वर्षं एकाच गाडीवर काढली. ती होती जोंगा. लष्करानं वापरून लिलावात काढलेली, जीपपेक्षा लांबरुंद, चारी चाकांनी ओढणारी दणकट गाडी. गगनबावड्याकडच्या डोंगरातल्या वाड्यांचं दूध गोळा करणाऱ्या एका संस्थेनं ती घेतली होती. संस्थेचे चेअरमन हंबीरराव जोंगाच्या पेट्रोल पिण्यावर कायम कुरकुरायचे. पण पावसाळ्यात तांबड्या चिखलातनं वर चढणारं दुसरं काही नव्हतं, त्यामुळं कुरकुरतच टाकी भरून द्यायचे.

हुंबरवाडी ही त्या वाटेवरची शेवटची वाडी. धुकं असं उतरायचं की दारातला गोठा दिसायचा नाही. पण खालच्या ओढ्यापाशी जोंगानं गिअर बदलला की वाडीला कळायचं. सहा सिलिंडरचं ते इंजिन घुमल्यासारखं खोल आवाजात बोलायचं. बाया धारा आटपून, कॅन घेऊन, पाराजवळ येऊन थांबायच्या. कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणात अडली, तरी माणसं त्याच पाराजवळ कान देऊन बसायची. वाडीतली बनाबाई पहिल्या बाळंतपणाला अडली, तेव्हा बाळासोनं दुधाचे कॅन रस्त्यात उतरवले आणि तिला मागं गोधडीवर निजवून खाली दवाखान्यात आणलं. आई आणि पोर दोन्ही वाचली.

त्याआधी त्याच वाडीत बाळासोला चहा वेगळ्या कपात मिळायचा. त्याच्या हातनं गेलेलं दूध सगळ्यांना चालायचं, कप मात्र पडवीतल्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. बनाबाईच्या बाळंतपणानंतर तिच्या सासूनं तो कप फोडला आणि बाळासोला घरात पाटावर बसवून जेवायला वाढलं. बाळासो जेवला. पण चहा मात्र पुढंही तो ओढ्यापाशी गाडी थांबवून, घरनं आणलेल्या थर्मासमधलाच प्यायचा. हे त्यानं पोरांना कधी सांगितलं नाही. त्याची बायको मीनाबाई हिच्याकडनं ते पोरांना कळलं.

पुढं डोंगरात डांबरी रस्ता गेला, दुधाला टेम्पो लागले आणि जोंगा संस्थेच्या आवारात उभी राहिली. बाळासो निवृत्त झाला त्या दिवशी हंबीररावांनी हाराबरोबर गाडीची किल्लीही त्याच्या हातात दिली. म्हणाले, "घिऊन जा. हितं गंजण्यापरीस तुझ्या दारात गंजू दे."

बाळासोनं ती गंजू दिली नाही. घरापुढं पत्र्याची शेड मारली. दर रविवारी सकाळी तो गाडी पुसायचा, चालू करायचा आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसायचा. गल्लीतली पोरं मागं चढून बसायची. पुढं काचबिंदूनं त्याची नजर गेली, आधी कडेची आणि मग सगळीच. तरी रविवार चुकला नाही. मीनाबाई त्याला धरून गाडीपर्यंत न्यायची. आंधळा माणूस गाडीत बसून काय करतो, असं एका पावण्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "रेडिओ ऐकतोय तसं ऐकतोय. तुम्हाला काय त्रास हाय?"

मग एका उन्हाळ्यात इंजिन फिरायचंच बंद झालं.

क्रांती ही बाळासोची थोरली लेक. धाकटा प्रसेनजीत पुण्याला नोकरीला गेला, क्रांती बावड्यातच राहिली. तिनं आयटीआयमधनं डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला, उद्यमनगरात दुसऱ्याच्या हाताखाली इंजिनाचा डिझेल पंप खोलून दुरुस्त करायला शिकली आणि पस्तिशीच्या आत स्वतःचं गॅरेज टाकलं. 'क्रांती डिझेल्स'. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून "मिस्त्री कुठं गेलेत?" म्हणून विचारायचं. ती हातातला पाना स्वतःकडं रोखायची. तिचं लग्न जमलं नाही, की तिनं जमू दिलं नाही, यावर घरात बोलणं होत नसे. बापाला ती फार जीव लावायची.

गाडी बंद पडल्यावर बाळासो तिला म्हणाला, "क्रांते, तेवढं इंजिन उघडून बघ की. मेलं नसंल ते. रुसलंय."

"बघते आबा," ती म्हणाली.

पण बघायला तिला सवड झाली नाही. गॅरेजचं काम वाढलं होतं. त्याच काळात कोल्हापुरात जुन्या गाड्या नव्यानं बांधून डोंगरात, नदीपात्रात पळवायचं वेड आलं होतं. गाड्यांचे क्लब निघाले होते. रविवारी सादळ्या-मादळ्याच्या डोंगरात चिखल उडायचा आणि सोमवारी त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. असे गाडीवाले क्रांतीकडं यायला लागले. एकानं तिच्या दारातली जोंगा बघितली आणि म्हणाला, "ताई, ह्याच्यात टर्बो डिझेल बसवा. जिल्ह्यात असली गाडी दुसरी नसंल."

ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं. पेट्रोलचं जुनं इंजिन, त्याचे पार्ट मिळत नाहीत, आबांना एवढ्याशा फेरीलाही पेट्रोल परवडायचं नाही; अशी सगळी कारणं तिनं स्वतःला सांगितली. सगळी खरी होती. आणखी एक कारण होतं, ते ती बोलायची नाही. ही गाडी रस्त्यावर आली की उद्यमनगरात तिच्या कामाबद्दल कुणाला काही विचारायची गरज उरणार नव्हती.

तिनं बापाला सांगितलं, "आबा, नवं इंजिन टाकूया. डिझेल, टर्बोचं. म्हातारपणी तुमची गाडी जवान हुईल बघा."

बाळासो ओसरीवर बसला होता. त्यानं मांडीवरच्या टॉवेलची घडी मोडली, परत घातली. मग म्हणाला, "आता गाडी तुझीच हाय. तुला बरं वाटंल तसं कर."

क्रांतीनं तो होकार धरला. मीनाबाई आतनं ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "त्येनी व्हय म्हटलं न्हाय." क्रांती हसली. म्हणाली, "आई, त्यांनी न्हाय तरी कुठं म्हटलं?"

अपघातात चेपलेल्या एका गाडीचं टर्बो डिझेल इंजिन तिला भंगार बाजारात मिळालं. ते तिनं पूर्ण उघडलं, नवीन रिंगा आणि बेअरिंगं घातली. पण एका गाडीचं इंजिन दुसरीत बसवणं म्हणजे नुसतं उचलून ठेवणं नव्हे. इंजिनाचं तोंड एका मापाचं, जोंगाचा गिअरबॉक्स दुसऱ्या मापाचा. मधे बसणारी जाड लोखंडी प्लेट तिनं लेथवर पुन्हा पुन्हा करून घेतली. इंजिनाखालचा तेलाचा डबा पुढच्या एक्सलवर घासत होता, तो कापून परत वेल्डिंग केला. रेडिएटर मोठा घातला. नव्या ताकदीला जुने ब्रेक पुरणार नव्हते, म्हणून तेही बदलले. रात्री घरी आली की जेवताना ती हे सगळं बापाला सांगायची. बाळासो नीट ऐकायचा. प्लेटबद्दल प्रश्न विचारायचा, "वढताना हादरा बसंल न्हवं?" असं काळजीनं म्हणायचा. जुन्या इंजिनाचं मात्र त्यानं काही विचारलं नाही.

जुनं इंजिन गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली पडून होतं. पुढं जागेची अडचण व्हायला लागली. आकाराम भंगारवाला दर महिन्याला यायचा, त्याच्याबरोबर तिनं ते देऊन टाकलं. त्या दिवशी तीन गाड्या दारात होत्या, फोन वाजत होता. त्या इंजिनाकडं तिनं वळूनही बघितलं नाही.

आरटीओची परवानगी आली, गाडीला गडद हिरवा रंग लागला. क्रांतीनं एकटीनं जोतिबाच्या डोंगरावर नेऊन तिची चाचणी घेतली. चढावर टर्बोनं वारा भरला आणि गाडीनं अशी उसळी घेतली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात तिनं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम होतं. उतरताना ती देवळाच्या वाटेवरच्या दुकानातनं आईसाठी पेढे घेऊन आली.

रविवारी सकाळी तिनं गाडी दारात लावली. मीनाबाईनं बाळासोला पांढरा सदरा घातला होता. गल्लीतली माणसं जमली. क्रांतीनं बापाला हाताला धरून शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन एका फटक्यात चालू झालं. टकटक टकटक करत, नव्या डिझेल गाडीचं चालतं तसं, स्वच्छ.

बाळासो मान किंचित कलती करून ऐकत राहिला. क्रांती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "ती मागची गाडी जाऊ दे पुढं. मग आपली चालू कर."

क्रांतीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं किल्लीवरचा हात काढून घेतला. गाडीशेजारी उभी राहिलेली मीनाबाई खाली बघायला लागली.

"आबा," क्रांती म्हणाली, "हीच की आपली."

बाळासोनं हात पुढं केला. डॅशबोर्डवर बोटं फिरवली. उजवीकडं एक पोचा होता, दुधाचा कॅन आदळून पडलेला. तो क्रांतीनं तसाच ठेवला होता. तो त्याला सापडला. मग गिअरचा दांडा सापडला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं, आणि मग तो घाईघाईनं बोलायला लागला. "व्हय व्हय. हीच की. माझं ध्यान न्हवतं. लई भारी काम केलंयस, क्रांते. कुठं खडखड न्हाय, काय न्हाय. लई भारी."

तो एवढं बोलला यावरनंच ती काय ते समजली. बाळासो कमी बोलणारा माणूस होता.

तरी तिनं आशा सोडली नाही. पुढच्या रविवारी तिनं त्याला आणि मीनाबाईला घेऊन हुंबरवाडी गाठली. रस्ता आता डांबरी होता, पण वाडीच्या अलीकडचा चढ पावसानं उखडला होता आणि तिथं जोंगा सहज चढली. पाराजवळ गाडी थांबली. कुणी बाहेर आलं नाही. एक कुत्रं उठलं, परत बसलं. बाळासो गाडीतच ताठ बसून राहिला. कुणीतरी हाक मारेल अशी वाट बघितल्यासारखा.

शेवटी क्रांतीनंच एका दारात जाऊन विचारलं. बनाबाई गोठ्यातनं हात पुसत आली. आता केस पांढरे, गुडघे गेलेले. बाळासोला बघून ती रडायलाच लागली. त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "दादा, आलायस आणि आमाला पत्त्या न्हाय! आवाजच आला न्हाय की रं. मला वाटलं कुणीतरी शहरातलं पावणं फिराय आलंय." मग गाडीकडं बघून म्हणाली, "हीच व्हय ती? रंग बदललाय जणू."

"इंजिन बदललंय," बाळासो म्हणाला. "पोरीनं बदललंय. मोठी मिस्त्रीण हाय ती." त्याच्या बोलण्यात अभिमान होता. तो खोटा नव्हता, हे क्रांतीला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आकारामच्या गोदामात गेली. आकारामला ते इंजिन आठवत होतं. "गेलं की ताई शिरोलीला, फौंड्रीत वितळवाय. बीडाचा माल थांबतोय व्हय आपल्याकडं?" तो म्हणाला. मग, तिला बरं वाटेल म्हणून की काय, पुढं म्हणाला, "ब्लॉक मात्र लई जिवंत होता. फोडताना घण उडत होता. नुसतं पिस्टन धरलं असणार त्येचं. तुम्ही म्हटला असता तर ठेवलं असतं."

त्याच्या बोलण्यात टोचणं नव्हतं. क्रांती तिथं रचलेल्या भंगारासमोर थोडा वेळ उभी राहिली. पिस्टन धरलं होतं, नुसतं जाम झालं होतं. म्हणजे उघडून, साफ करून, परत बसवायचं काम. तिच्यासारखीला आठवडाभराचंही नव्हे. बापानं सांगितलं होतं, रुसलंय म्हणून.

मग तिची शोधाशोध सुरू झाली. तसलंच एक इंजिन कबनूरला एका यंत्रमागवाल्याकडं पडलंय असं कळलं. ती गेली. मागांच्या खडखडाटात त्या माणसाला ओरडून सांगावं लागलं. त्यानं मागच्या पडवीत नेऊन दाखवलं. इंजिन जोंगाचंच होतं, पण ब्लॉकला हात जाईल एवढी चीर गेली होती. बेळगावच्या बाजूला आणखी एक होतं, ते ती पोचायच्या आत विकलं गेलं होतं.

इंजिन नाही तर निदान आवाज तरी मिळावा म्हणून तिनं प्रसेनजीतला फोन केला. त्याच्या लग्नाची वरात जोंगातनंच निघाली होती. त्यानं व्हिडिओ पाठवला. फुलांच्या माळांनी सजलेली जोंगा, स्टिअरिंगवर फेटा बांधलेला, डोळस, हसणारा बाळासो. गाडी हलते, धूर निघतो. पण व्हिडिओवाल्यानं मूळचा आवाज काढून सगळ्यावर सनईचं संगीत घातलं होतं. क्रांतीनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघितला. मधे कुठंतरी एखादा क्षण तसाच राहिला असेल, असं तिला वाटत होतं. नव्हता.

बाळासोला या शोधाची कुणकुण लागली होती. एकदा जेवताना तो म्हणाला, "क्रांते, आता ते हुडकू नगोस. लोखंडाचं काय घिऊन बसलीयस. तुझी गाडी झ्याक हाय."

"आबा, तुम्ही तवाच का न्हाय सांगितलं मला, काढू नको म्हणून?"

बाळासोनं भाकरीचा तुकडा मोडला. "तू एवढी खुशीत होतीस," तो म्हणाला. "आणि मला तरी कुठं ठावं होतं, एवढं चुकचुकंल म्हणून."

त्या थंडीत बाळासोला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातनं तो घरी आला नाही. विहारात वंदना झाली. हुंबरवाडीची माणसं टेम्पो करून आली होती. हंबीरराव काठी टेकत आले आणि कोपऱ्यात बसून राहिले. क्रांतीनं जोंगावर कापड टाकलं आणि बरेच दिवस ती शेडकडं गेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेनं पात्र सोडलं. शिये गावाकडचा रस्ता पाण्याखाली गेला आणि नदीकाठच्या मळ्यांत माणसं अडकली. बोट येईपर्यंत पाणी वाढत होतं. तेव्हा क्रांतीनं कापड काढलं. तिनं हवा ओढायची नळी टपापर्यंत वर घेतली होती, त्यामुळं बॉनेटला पाणी लागलं तरी इंजिन थांबलं नाही. जुनं पेट्रोल इंजिन असतं तर प्लग भिजून पहिल्याच फेरीत बंद पडलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. दिवसभर ती माणसं काढत राहिली. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, शेळ्या, एक नुकतं जन्मलेलं रेडकू. गाडीचा फोटो पेपरात आला. गल्लीत लोक म्हणाले, "बाळासो असता तर छाती फुगली असती." खरंच फुगली असती. क्रांतीलाही ते मान्य होतं. पण त्यानं मनातली रुखरुख काही कमी झाली नाही. उलट आता ती कुणाजवळ बोलायचीही सोय उरली नाही. ऐकणारा म्हणायचा, अगं, तू इंजिन बदललंस म्हणून तर एवढे जीव वाचले.

पूर ओसरल्यावर एका दुपारी ती आणि मीनाबाई ओसरीवरचा चिखल धूत होत्या. क्रांती खराटा टेकवून थांबली आणि म्हणाली, "आई, एक खरं सांग. आबा माझ्यावर रागावले होते काय?"

मीनाबाईनं बादली खाली ठेवली. लेकीला बरं वाटावं म्हणून वेगळं काही सांगायचा तिचा स्वभाव नव्हता.

"राग न्हवता," ती म्हणाली. "त्येंच्या मनात राग कधीच न्हवता. गाडी आली त्या दिवशी आत येऊन मला म्हणालं, पोरीला कायबी कळू देऊ नगो, लई राबलीय ती." मग म्हणाली, "पण त्येच्यानंतर रविवारी बाहीर येऊन बसायचं त्येनी सोडलं. भितीकडं तोंड करून पडून असायचं. तू सकाळी गॅरेजला गेलेली असायचीस. तुला कसं कळणार."

थोड्या वेळानं मीनाबाईनं परत बादली उचलली, आणि क्रांती खराट्यानं पायरीवरचा गाळ खाली लोटायला लागली.